तेरवीची वही : नाटकाच्या कामाच्या नोंदी

१४ जून २०२५

वडशाच्या नाटक कंपनीशी बोलणं पक्कं झालं. ब्रह्मपुरीकडून वैनगंगेचा पूल ओलांडला की वडसा, आणि झाडीपट्टीतल्या, म्हणजे पूर्व विदर्भाच्या धानपट्ट्यातल्या, कितीतरी कंपन्यांची ऑफिसं तिथंच. दिवाळीनंतर धान घरात आलं की गावोगावची मंडळं इथूनच नाटक ठरवून नेतात. मालकांची मागणी नेहमीची. कौटुंबिक पाहिजे, तीन अंकी पाहिजे, गाणी सहा-सात, एक विनोदी जोडी, आणि बायाबापड्या रडल्या पाहिजेत. रात्री पडदा वर गेला की पहाटेपर्यंत माणूस जागचा हलू नये. विषय माझ्यावर सोडला.

विषय: बाप गेल्यावरची वाटणी. हजारदा झालेला आहे, होऊ दे. आपल्याकडे गाव जेवढं जुनं तेवढी वाटणीची भांडणंही जुनी, आणि ती अजून संपलेली नाहीत.

मला करून पाहायचं आहे ते वेगळं. यात खलनायक ठेवायचा नाही. दारुडा भाऊ नको, कान भरणारी सून नको, मिशीवाला सावकार तर नकोच. सगळे आपापल्या जागी बरोबर असले पाहिजेत आणि तरी घर फुटलं पाहिजे. मालकांना हे आज सांगितलं नाही. ॲडव्हान्स हातात यायचा होता.

१८ जून

पात्रं: माय, मोठा, लहाना, दोघांच्या बायका, ताई, बेबी, आणि लहान्याचा आठ-नऊ वर्षांचा पोरगा. नावं पोस्टरच्या वेळी टाकू. तसंही त्या घरात कोणी कोणाला नावाने हाक मारत नाही, आणि संवाद लिहिताना समोर माणूस नको, नातंच पाहिजे. ‘भासरा’, म्हणजे नवऱ्याचा मोठा भाऊ, म्हटलं की सुनेचा आवाज आपोआप खाली येतो. नाव लिहिलं की येत नाही.

प्रत्येकाखाली एकच टिपण केलं: यानं घरासाठी काय केलं, आणि ते कोणी पाहिलं नाही. मोठ्यानं नववीत शाळा सोडून नांगर धरला, बेबीच्या लग्नाचं कर्ज एकट्यानं फेडलं. लहाना राइस मिलमध्ये कामाला. बापाला लकवा मारला तेव्हा बाप जुन्या घरातून हलायला तयार नव्हता. जुनं घर लहान्याकडं, म्हणून बापही लहान्याकडं. म्हणजे प्रत्यक्षात लहान्याच्या बायकोकडं. चुली वेगळ्या, आंगण एक.

एवढं लिहून झालं आणि भांडण जवळजवळ तयार झालं. दोघांकडंही उपकाराची यादी आहे, आणि दुसऱ्याची यादी दोघांनाही पाठ नाही.

२७ जून

कायद्याचं पक्कं करून घेतलं. प्रेक्षकांत कोतवालापासून रिटायर्ड तलाठ्यापर्यंत सगळे बसतात. एक चूक निघाली तर सकाळी पानठेल्यावर नाटकाचा पंचनामा होतो.

बापानं मृत्युपत्र केलेलं नाही. पाच एकर धानाची शेती, वडिलोपार्जित. माय, दोन पोरं, दोन पोरी असे पाच वारस. प्रत्येकी एक एकर. आकडा मुद्दाम सोपा ठेवला, कारण प्रेक्षक मनात भागाकार करायला लागला की रडायचं विसरतो.

ताईचं लगन १९९१ चं. महाराष्ट्रानं १९९४ मध्ये मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाच्या बरोबरीनं आणलं, पण ज्यांची लग्नं त्याआधी झाली त्यांना वगळून. ९ सप्टेंबर २००५ पासून लागू झालेल्या केंद्राच्या दुरुस्तीनं लग्न कधी झालं हा प्रश्नच काढून टाकला. त्या तारखेला बाप जिवंत असायला हवा होता का, हा वाद उरला होता. तो सर्वोच्च न्यायालयानं ११ ऑगस्ट २०२० च्या निकालात मिटवला. नसला तरी चालतो. जुनी वाटणी २० डिसेंबर २००४ च्या आधी रीतसर नोंदवलेली असेल तर ती मोडत नाही, पण या घरात तशी काही झालेली नाही. शिवाय मृत्युपत्र न करता बाप गेला की त्याच्या स्वतःच्या हिश्श्यात बायको, पोरं, पोरी १९५६ च्या कायद्यापासूनच सारख्या वारस आहेत.

गावात मात्र चौऱ्याण्णवचीच गोष्ट अजून चालते. मोठा ताईला म्हणतो, “तुहं लगन चौऱ्यान्नवच्या आदीचं बाई, तुले नाई लागत.” आणि तो खोटं बोलत नाही. तहसीलीसमोरच्या अर्जनवीसानं त्याला कधीकाळी तसं सांगितलेलं आहे आणि त्यानं ते धरून ठेवलं आहे. हे मला फार कामाचं वाटलं. खोटारड्यावर प्रेक्षक लगेच शिक्का मारतो आणि मोकळा होतो. प्रामाणिक माणूस चुकीचं बोलत असला की त्याला शिव्याही घालता येत नाहीत.

९ जुलै

रोवणी सुरू. लिखाण बंद. गावात एक बाई मोकळी नाही, आणि परे, म्हणजे धानाची रोपं, वाहून द्यायला मीही बांधीत, धानाच्या खाचरात.

तिथंच पहिला अंक सापडला. आमच्याकडं धानाला पाणी बांधीतून बांधीत उतरतं. वरची बांधी मोठ्याची, खालची लहान्याची. वरच्यानं धुरा, म्हणजे मधला बांध, बांधून घेतला की खालच्याचं रोप पिवळं पडतं. भरमसाट सोडलं की बुडतं. म्हणजे भावाशी अबोला धरला तरी पाण्याशी धरता येत नाही. वाटणी कागदावर होते, पाणी तिला मानत नाही.

प्रसंग असा: पावसानं ताण दिला आहे. रात्री मोठा कोणाला न सांगता धुरा फोडून खाली पाणी सोडतो. सकाळी लहाना पाहतो. लहाना म्हणतो, उपकार दाखवून रायला. त्याची बायको म्हणते, धान वाचलं ना, झालं मंग. माय म्हणते, बापावर गेला. मोठ्याला कोणीच विचारत नाही, आणि तोही सांगत नाही. त्यानं पाणी का सोडलं हे मी नाटकभर कुठेच लिहिणार नाही. मलाही ते नक्की माहीत नसलेलं बरं.

२४ जुलै

दुसऱ्या अंकाचा गाभा: तेरवीनंतरची संध्याकाळ. पाहुणे गेले, मांडव अजून उभा आहे. मोठा खर्चाची वही घेऊन ओसरीवर बसतो. लिहिलेला मजकूर असा:

मोठा : तांदूळ दोन क्विंटल, घरचा. तुरीची दाळ पस्तीस किलो. तेलाचे डबे तीन. बुंदीवाला. मांडव, भांडे, किराया.
लहाना : मी नाई म्हटलं काय?
मोठा : तू नाई म्हटलं. पन वाचतो. उद्या कोनी म्हनू नये.
(लहानी सून पाण्याचा गडवा आणून ठेवते. डोक्यावर पदर. भासऱ्याकडं पाहत नाही. पोराला जवळ ओढते.)
लहानी सून : बाबू, मोठ्या बाबाले इचार, आबाजीचे डायपर कोनत्या पानावर हायेत.
पोरगा : मोठे बाबा, आबाजीचे डायपर कोनत्या पानावर हायेत?
(मोठा पान उलटतो. मागं येतो. परत उलटतो.)
मोठा : बाबू, तू खेळाले जा.

पुढचं पान लिहायला घेतलं आणि थांबलो. यानंतर कोणी काही बोलायची गरज नाही.

लहान्या सुनेला भासऱ्याशी थेट बोलता येत नाही. आपल्या नाटकांत हे बंधन सून तिसऱ्या अंकात तोडते, पदर खोचून मध्यभागी येते, भाषण करते, टाळ्या पडतात. मला ते पटत नाही. दुसऱ्या दिवशी त्याच आंगणात तिला त्याच माणसाला चहा पाठवायचा असतो. घरातलं बोलणं नेहमी कोणाच्या तरी हातून जातं: पोराच्या, नणंदेच्या, नाहीतर जोरात आपटलेल्या गंज-पातेल्याच्या. आदर सांभाळून माणसं एकमेकांना जेवढं लावतात तेवढं शिव्या देऊन लावू शकत नाहीत. म्हणून ठरवलं की लहानी सून अख्ख्या नाटकात मोठ्याशी एक शब्द बोलणार नाही. सगळं पोराकरवी.

डायपर हा शब्द ठेवायचा की नाही यावर घरात वाद झाला. ठेवायचा. लकव्याचा माणूस सांभाळलेल्या बाईला त्याचं काय लागतं ते विचारा.

९ ऑगस्ट, राखी

ताईचं काम. आतापर्यंत ती नुसती ‘हक्क मागणारी बहीण’ होती, आणि अशी बहीण रंगमंचावर आली की पुरुष प्रेक्षक हाताची घडी घालून बसतो. तिला जमीन का पाहिजे हे कळलं पाहिजे. “मले जमीन नको, मान पाहिजे” असलं वाक्य तिच्या तोंडी घालणार नाही. तिला जमीनच पाहिजे.

ताईचं सासर पवनीकडचं, गोसीखुर्दच्या बुडितातलं. धरणाची पायाभरणी १९८८ ची. म्हणजे बापानं तिला दिली तेव्हा ते गाव बुडणार हे बोललं जात होतं. बापाला ठाऊक होतं का? हा प्रश्न ताई एकदाच विचारते, मायला, भाजी निवडताना. माय उत्तर देत नाही, मेथीच्या काड्या मोडत राहते. नंतर मोबदला आला, घर झालं, दवाखाना झाला, पैसा संपला. नवरा आता दुसऱ्याच्या शेतात रोजीनं जातो. तिच्यासाठी एक एकर म्हणजे वर्षाचा भात.

आणि मोठ्याच्या बाजूनं पाहिलं तर पाचातला एक गेला की उरलेल्यात ट्रॅक्टर बोलवायलाही परवडत नाही. दोघंही बरोबर. इथं मी कोणाची बाजू घेतली की नाटक मेलं.

बेबीचं सोपं निघालं. ती हक्कसोडपत्रावर सही करते, पण एकट्या मोठ्याच्या नावानं, कारण तिच्या लग्नाचं कर्ज त्यानं फेडलं. सगळ्यांत गोड पोरगी, आणि घराला सगळ्यांत मोठी भेग तिच्या कृतज्ञतेनं पडते. लहान्याला ते दुय्यम निबंधकाच्या ऑफिसातून परतलेल्या शेजाऱ्याकडून कळतं. राखी बांधताना बेबी त्याला म्हणते, “दादा, तुह्यासाठी काहीच उरलं नाई न माह्याजवळ.” हे ती खरं म्हणते आणि त्यामुळंच तो ताटावरून उठतो.

२३ ऑगस्ट

काल पोळा. आज पहाटे पोरं ‘घेऊन जा गे मारबत’ ओरडत गावाबाहेर गेली. मारबत म्हणजे गावातली पीडा बाहेर घालवायची रीत. खोकला घेऊन जा, रोगराई घेऊन जा. आमच्या गल्लीतल्या एका म्हातारीनं दारातून हळूच आपल्या देराचं नाव जोडलं. तसंच्या तसं तिसऱ्या अंकात घेतो. मायच्या तोंडी.

पहिले दोन अंक घरच्यांना वाचून दाखवले. बायकोचा शेरा: “मोठी सून कुठंय? चहाच आणते ते.” बरोबर आहे. मोठ्या सुनेला काम नाही.

२९ ऑगस्ट

मोठी सून सापडली. नवरा नववी सोडलेला, म्हणून वही तिच्या अक्षरात आहे. हे आधी का सुचलं नाही कोण जाणे, कारण आमच्याकडं बचत गटापासून दुधाच्या हिशेबापर्यंत वह्या बायांच्याच अक्षरात असतात.

तर वहीत एक पान आहे. वर मथळा लिहिलेला: ‘मामाजीचा दवाखाना’. मामाजी म्हणजे सासरा. खाली कोरं. तिनं पान आखलं, पण आकडे विचारायला जावेच्या दारात गेली नाही. जावही सांगायला आली नाही. दोघींमध्ये भिंत एक विटेची आहे. चूक कोणाची? मी ठरवत नाही.

भर सभेत द्रौपदीच्या बाजूनं बोलणारा विकर्ण कौरवच होता, आणि लढला, मेला तो कौरवांच्याच बाजूनं. माझी मोठी सून तशी आहे. मथळा लिहिण्याएवढं बोलते. पुढं नवऱ्याच्याच बाजूनं उभी राहते.

१४ सप्टेंबर

वडशाला वाचन. मालक, दिग्दर्शक, ऑर्गनवाले, तबलावाले. वाचून झाल्यावर बराच वेळ नुसता चहा चालला, मग प्रश्न आला: “खलनायक कोन?”

सांगितलं. मालकांनी डोक्याला हात लावला. त्यांची अडचण खोटी नाही. खलनायकाचा नट सीझनभर बांधलेला आहे, त्याला पैसे द्यावेच लागतात. मी म्हटलं, त्यालाच मोठा द्या. लोक त्याला पाहताक्षणी शिव्या घालायच्या तयारीत बसतील आणि पाण्याच्या प्रसंगात अडकतील. दिग्दर्शकाला हे एकदम आवडलं. मालकांना अर्धं.

विनोदी जोडीवर त्यांनी माघार घेतली नाही. झाडीपट्टीचे नट परशुराम खुणेंना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली, झाडीपट्टीचं नाव झालं, सगळं मान्य, पण तिकीट कॉमेडीवर फाटतं, असं त्यांचं म्हणणं. मला विनोद नको आहे असं नाही. तो गोष्टीच्या बाहेर बसलेला नको. जोडी केली ती भाऊबंदांतले दोन पंच, जे मिटवामिटवीसाठी आज या चुलीवर जेवतात आणि उद्या त्या. भांडण मिटलं तर त्यांचं जेवण बंद. निरोप इकडून तिकडं नेताना प्रत्येक वेळी थोडं मीठ घालतात. लोक हसतील, आणि भांडण कसं पेटतं तेही त्यांच्यासमोरच घडेल.

नाटकाचं नाव बदलणार. ‘वही’ला गर्दी येत नाही म्हणे. कुंकू किंवा रक्त यातला एक शब्द पाहिजे. भांडलो नाही.

२८ सप्टेंबर

माय. महिना इकडं, महिना तिकडं अशी आईची वाटणी करून रडवणं सगळ्यात सोपं, आणि त्याला हमखास हुंदके पडतात. ते केलं नाही. माझ्या मायकडं एक एकर आहे. सत्तरीत पहिल्यांदा तिचं नाव सातबाऱ्यावर चढलं आहे. तलाठी वारसाची नावं वाचतो तेव्हा ती पुन्हा वाचायला लावते.

मग ती त्या एकराचं काय करते? मोठ्याला म्हणते, माहा वाटा तुलेच. लहान्याला म्हणते, तुह्याच नावानं करतो, बायकोले सांगू नको. ताईला म्हणते, तुह्या पोरीच्या लग्नाले होईल. तिघांनाही ते खरं वाटतं, कारण म्हणताना तिलाही ते खरंच वाटत असतं. आयुष्यभर जिला कोणी विचारलं नाही तिच्याभोवती आता तिघं फिरतात. ती हे लवकर संपवेल कशाला?

दिग्दर्शक म्हणाले, प्रेक्षक मायला माफ करणार नाही. न करू दे.

११ ऑक्टोबर

तालीम. झाडीपट्टीत तालमी फार होत नाहीत. नट आज या कंपनीत, परवा त्या. प्रॉम्प्टरवर सगळी मदार. त्याच्यामुळं एक अडचण समोर आली. माझ्या वहीच्या प्रसंगात शांतता लिहिलेली आहे. प्रॉम्प्टरला शांतता वाचता येत नाही. तो पुढचं वाक्य देतो आणि नट घेतो. मोठ्यानं पान उलटायच्या आत पुढचा संवाद सुरू.

दुसरी अडचण दिग्दर्शकाची. मला हाताला धरून मैदानाच्या टोकाला नेलं. “भाऊ, तिकडं वही दिसते काय? हा शेवटचा बांबू. इथं बसलेल्या बाईनं पण तिकीट काढलं आहे. कोरं पान हिला कसं दाखवू?”

त्यांचं म्हणणं, सुनेनं ओरडावं. ओरडली की घर मोडतं, सगळी मांडणीच मोडते. तासभर ओढाताण. शेवटी पोरग्यानं सोडवलं. त्याचं काम करणारा मुलगा खणखणीत आवाजाचा आहे, शाळेत धडा वाचतो तसा वाचतो. म्हणून कोरं पान तोच वाचेल. वही हातात घेऊन, शब्द तोडून: “मा-मा-जी-चा दवा-खा-ना.” मग बोट खाली नेत, “पुढं काईच नाई लिवलं मोठे बाबा.” शेवटच्या बांबूपर्यंत स्वच्छ पोचलं. मोठी माणसं जे कुजबुजूही शकत नाहीत ते लेकरू ओरडून म्हणतं. डायपरच्या प्रश्नातही हेच होतं. आता दोन्ही ठिकाणी एकच रीत झाली.

शांततेसाठी प्रॉम्प्टरच्या प्रतीत लाल शाईनं ‘तीन पानं उलटू दे’ असं लिहून दिलं. त्याला ते कळलं. मोजून तीन पानं उलटेपर्यंत तो तोंड उघडत नाही.

८ नोव्हेंबर

काल पहिला प्रयोग, मंडईच्या, म्हणजे दिवाळीनंतरच्या जत्रेच्या, गावी. मैदान भरलेलं, थंडी चांगली, बाया घोंगड्या-चादरी घेऊन.

मोठ्याच्या एन्ट्रीला अपेक्षेप्रमाणे शिट्ट्या आणि शिव्या. पाण्याच्या प्रसंगानंतर शिव्या थांबल्या. पंचांच्या जोडीनं पहिला अंक उचलून धरला, मालक खूश. डायपरला आधी हशा पिकला, विशेषतः पोरांचा. मोठा दुसरं पान उलटत होता तेव्हा बायांच्या बाजूनं कोणीतरी हसणाऱ्यांना दटावलं. हे मी लिहिलेलं नव्हतं.

ताईच्या “बापाले ठाऊक होतं काय?” या प्रश्नाला काहीच झालं नाही. भाजी निवडताना ती खाली पाहून बोलते, आवाज माईकखाली येत नाही. आणि बुडिताचं आधी एकदाही सांगितलेलं नसल्यामुळं पुढच्या रांगांतही कळलं नसावं. पंचांपैकी एकाला पहिल्या अंकात ताईच्या गावावरून एक वाक्य देतो: “तुमच्या जवायाच्या गावाले जायाचं म्हंजे आता डोंगा लागते.” लोक हसतील आणि लक्षातही ठेवतील.

पहाटे चहाच्या गाड्यावर दोन म्हातारे भांडत होते. एकाचं म्हणणं मोठा बरोबर, दुसऱ्याचं लहाना. तिसरा म्हणाला, सगळं त्या म्हातारीनं केलं. त्यांना माहीत नव्हतं मी कोण ते. थांबून दोन चहा जास्त प्यालो.

१० नोव्हेंबर

बदल: ताईनं मेथी खाली बसून निवडायची नाही, उभ्यानं सूप घेऊन लाखोळी पाखडायची, म्हणजे माईकखाली राहील आणि हात चालू राहतील. बुडिताचं वाक्य पहिल्या अंकात. तिसऱ्या अंकातलं पाचवं गाणं कापलं, दोघा भावांच्या शेवटच्या प्रसंगाच्या आड येतं. गायिका रुसली आहे, मालक बोलतील तिच्याशी. तलाठ्याचं काम करणाऱ्या नटाला ‘हक्कसोडपत्र’ नीट म्हणता येत नाही, त्याच्याकडून रोज दहादा म्हणवून घ्यायचं.

शनिवारचा प्रयोग नागभीडकडं. त्याआधी प्रॉम्प्टरची नवी प्रत तयार पाहिजे. लाल शाईचा पेन संपला आहे.